'मजूर मिळत नाही' म्हणजे नेमकं काय मिळत नाही?

कापूस फुटला की आमच्या घरात पहाटे पाचला फोन सुरू होतात. अमळनेर तालुक्यात आमची सहा एकर कोरडवाहू जमीन. दसरा गेला की आई शेतकरी कमी आणि टेलिफोन ऑपरेटर जास्त होते. "बाई, उद्या किती बाया आणते?" असं ती विचारते, आणि पलीकडून टोळीची मुकादम बाई जराही घाई न करता सांगते, "जिजी, दहावर कोणी येत नाही आता. बारा रुपये किलो. आन् रिक्षाचं भाडं तुमचं." आई हो म्हणते, फोन ठेवते आणि या दिवसांत खान्देशातल्या कुठल्याही ओट्यावर ऐकू येणारं वाक्य म्हणते, "मजूरच मिळत नाही."

त्याच टोळीतल्या एका मावशींना मी संक्रांतीनंतर भेटले. दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मी बसायच्या आतच त्यांनी विचारलं, "काम आहे का कुठे?" दिवाळीत पाणी प्यायला फुरसत नव्हती, आणि आता तीन आठवडे हात रिकामे.

दोघी खरं बोलत होत्या. एकाच गावात मजुराचा दुष्काळ आणि कामाचा दुष्काळ दोन्ही कसे असू शकतात, हे कोडं सुटल्याशिवाय सध्याचा वाद कळणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं रोजगार हमीच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात पेरणी-काढणीच्या दिवसांत वर्षातून ६० दिवस सरकारी कामं बंद ठेवण्याची तरतूद आहे. 'बरं झालं, आता मजूर मिळतील' असं एक बाजू म्हणते, 'गरिबाच्या पोटावर पाय' असं दुसरी. त्या ६० दिवसांकडे वळण्याआधी शेतातला रोज ठरतो कसा, ते बघू.

## आधी चार शब्द

रोज म्हणजे दिवसाची मजुरी. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं, काम किती झालं हा मालकाचा प्रश्न.

उक्तं म्हणजे कामावर मजुरी. किलोवर कापूस वेचणी, एकरावर कापणी, गाडीवर केळी भरणं. इथे दिवस किती लागले हा मजुराचा प्रश्न.

उचल म्हणजे काम सुरू होण्याआधी घेतलेली रक्कम, पुढे कामातून फेडायची.

आणि साल. वर्षाच्या करारावर शेतात राहणाऱ्या माणसाला इतरत्र सालगडी म्हणतात, आमच्याकडे सालदार. बाकी महाराष्ट्रात हा करार बहुतेक ठिकाणी गुढीपाडव्याला होतो, खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. सासुरवाशिणी झोक्यावर असतात तेव्हा ओट्यावर सालदाराची बोलणी चाललेली असतात. आमच्या गावात ती आता लाखाच्या पुढे जातात आणि तरी जमत नाहीत. पण हा भाव आपोआप वाढला नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेनं भिल्ल आदिवासींना उभं केलं ते हातातून गेलेल्या जमिनींसाठी आणि सालदाराच्या मजुरीसाठी. सालदार 'घरचाच माणूस' आहे असं म्हणणाऱ्यांना तेव्हा पहिल्यांदा हिशेब मागितला गेला. घरचा माणूस म्हटलं की तास मोजायचे नसतात, ही सोय मालकाला फार आवडते. आमच्याही घरात हे वाक्य मी ऐकलंय.

## माणसं कमी की दिवस कमी?

पाटीवर मांडण्यासारखं सोपं गणित करू. समजा, एका गावात ५०० एकर कापूस आहे आणि एकरी पाच क्विंटल येतो. एकूण अडीच लाख किलो. पहिल्या वेचणीत त्यातला ४० टक्के माल निघतो असं धरा, म्हणजे एक लाख किलो. बोंडं भरून फुटलेली असताना सराईत बाई दिवसाला ४० किलो वेचते. म्हणजे २,५०० बायकांचे दिवस लागले.

आता आभाळ आलंय. बोंडावर पाणी पडलं तर कापूस काळवंडतो, त्याची कवडी होते आणि भाव पडतो. प्रत्येकाला आपला माल येत्या दहा दिवसांत घरात हवा. तर गावाला रोज २५० बायका लागतील. गावात वेचणाऱ्या आहेत १५०. शंभर कमी पडल्या. 'मजूर मिळत नाही.'

महाशिवरात्रीला त्याच गावात त्याच १५० बायका असतात आणि शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं. कोणालाच कोणी नको असतं.

लग्नसराईतल्या आचाऱ्याचं असंच असतं. वैशाखातल्या दाट तिथीला आचारी, मंडपवाला, वाजंत्री, कोणी मिळत नाही, आणि मिळाला तर दुप्पट मागतो. म्हणून गावात आचारी कमी आहेत असं आपण म्हणत नाही. आषाढात तोच आचारी बिनकामाचा बसलेला असतो हे आपल्याला माहीत असतं. शेतमजुराच्या बाबतीत मात्र आपण फक्त वैशाख बघतो.

मावशींना मी वर्षाचे दिवस मोजायला सांगितले. त्यांनी कॅलेंडर न घेता सणांवर मोजले. आषाढात लावणी आणि नांगे भरणं, पोळ्यापर्यंत निंदणी, मध्ये पितरांत रिकामं, दसऱ्यापासून वेचणी, मग थोडी दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, आणि गव्हाची कापणी. बेरीज दीडशेच्या आत आली. दिवसाला सरासरी ३०० रुपये धरले तरी वर्षाचे ४५,००० होतात. 'पाचशे रुपये रोज पडतो त्यांना' हे आईचं म्हणणंही चूक नाही. पहिल्या वेचणीत ४० किलो गुणिले १२ म्हणजे ४८० होतातच. फक्त तो आकडा वर्षातल्या सगळ्यात चांगल्या दहा दिवसांचा आहे. तिसऱ्या वेचणीला बोंडं विरळ होतात, दिवसभर फिरून १८ किलो निघतो, दर १५ रुपये झाला तरी हातात २७० येतात. दर वाढला आणि कमाई घटली, हे उक्त्या कामात नेहमी घडतं. ओट्यावर चर्चा होते ती फक्त दराची.

## कापूस घरात ठेवता येतो, दिवस ठेवता येत नाही

खान्देशात भाव पडला की शेतकरी काय करतो? कापूस घरात भरतो. पुढच्या खोलीत छतापर्यंत गंजी, माणसं पडवीत झोपतात, अंगाला खाज सुटते, पण 'दहा हजार झाल्याशिवाय विकत नाही' हा हट्ट चालतो. कधी फायदा होतो, कधी घाटा. पण थांबता येतं. खेडा खरेदीचा व्यापारी दारात उभा असताना 'नाही द्यायचा' म्हणता येतं, आणि त्या 'नाही'मुळे भाव चार पैसे वर सरकतो.

मजूर जे विकतो, त्याची गंजी लावता येत नाही. मंगळवारचा दिवस मंगळवारी विकला गेला नाही तर तो बुधवारी विकायला शिल्लक नसतो. दुधापेक्षाही नाशवंत माल आहे हा, दुधाचं निदान दही तरी होतं. म्हणून वर्षातले दहा महिने मजुराला मिळेल तो भाव घ्यावा लागतो.

उरलेले दीड-दोन महिने पारडं उलटं होतं. फुटलेलं बोंड झाडावर ठेवता येत नाही. आता शेतकऱ्याचा माल नाशवंत झाला. मुकादम बाईच्या आवाजात घाई नव्हती ती यामुळे. हे सौदे माणूस भला आहे की लबाड, यावर ठरत नाहीत. त्या घडीला कोणाला थांबता येतं, यावर ठरतात. पुढचे सगळे मुद्दे याच खुंटीला टांगता येतील.

## "रेशन आणि पंधराशे रुपयांनी मजूर आळशी झाले"

हा आक्षेप मी आमच्याच घरात जेवताना ऐकते, म्हणून आधी याचा समाचार.

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले. १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. एवढ्यात तेल, डाळ, पोराची वही आणि दवाखाना होत नाही. मावशी काम सोडून बसल्यात असं नाही, नाहीतर माघात 'काम आहे का' विचारलं नसतं.

पण बदल झालाय हे खरं. घरात महिन्याचे गहू-तांदूळ असले की आजचा दिवस नाही विकला तरी चूल पेटते. म्हणजे मजुराकडे पहिल्यांदा छोटीशी गंजी आली. कापूस घरात भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला आपण हुशार म्हणतो, आणि पाच किलो धान्याच्या जोरावर दीडशे रुपये रोजाला नाही म्हणणाऱ्या बाईला आळशी. दोघंही करतात तेच, भाव येईपर्यंत थांबतात.

## मग ते ६० दिवस

रोजगार हमी ही महाराष्ट्राची कल्पना. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरात नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकावर दिसणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये आला तो याच योजनेला पैसा उभा करायला. (फेब्रुवारीत ३०० रुपये का कापले म्हणून चिडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) देशाचा कायदा २००५ मध्ये झाला आणि पहिल्या टप्प्यातल्या २०० जिल्ह्यांत धुळे आणि नंदुरबार होते.

नव्या कायद्याला तोंडी 'जी राम जी' म्हणतात. त्यात कुटुंबाला वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. मजुरीचा खर्च पूर्वी केंद्र उचलत होतं, आता महाराष्ट्रासारख्या राज्यांना योजनेचा ४० टक्के भार घ्यायचाय. आणि शेतीच्या हंगामात एकूण ६० दिवस कामं बंद ठेवायची, कोणते ते राज्यानं आधी जाहीर करायचं.

समर्थक विचारतात, "उरलेले ३०५ दिवस आहेतच ना? १२५ त्यात सहज बसतात." बसतात. पण उद्या सरकारनं सांगितलं, की सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचं, खरेदी केंद्र वर्षात ३०५ दिवस उघडं राहील, फक्त तुमचा कापूस घरात येतो ते ६० दिवस बंद, कारण तेव्हा खाजगी व्यापाऱ्याला माल कमी पडतो. शेतकरी काय म्हणेल? हमीभावाच्या केंद्रावर माल घातला नाही तरी ते उघडं असण्याचा उपयोग असतो. व्यापाऱ्याला माहीत असतं, की हा माणूस तिकडे जाऊ शकतो. रोजगार हमीचा रोजही मजुराचा तसाच हमीभाव आहे. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी तो ३१२ रुपये होता. नेमकी सौद्याच्या दिवसांत ती खिडकी बंद करायची, असा या तरतुदीचा अर्थ होतो.

आता दुसरी बाजू. वेचणीच्या दिवसांत रोजगार हमीनं आमचे मजूर पळवले, असं मी कधी पाहिलेलं नाही. या योजनेच्या कामाला खरी मागणी असते उन्हाळ्यात. देशभरात कुटुंबाला वर्षाला सरासरी ५० दिवसांच्या आसपासच काम मिळत आलंय, शंभर नाही. बारा रुपये किलोची पहिली वेचणी सोडून ३१२ रुपयांसाठी खड्डे खणायला कोण जाईल? तेव्हा अमळनेर, चोपडा, पारोळ्याच्या सपाटीवर या ६० दिवसांनी शेतकऱ्याला फारसे जास्त मजूर मिळणार नाहीत.

फरक पडेल तो सातपुड्यात. धडगाव (म्हणजे अक्राणी), अक्कलकुवा भागात खरिपाची भगर-ज्वारी निघाली की घरं रिकामी होऊ लागतात. माणसं गुजरातेत उसाला, बांधकामाला जातात. तिथे कामं उघडी हवीत ती दसरा-दिवाळीच्या सुमारास, कुटुंब जायचं की थांबायचं ठरवत असतं तेव्हा. सपाटीवरच्या कापसाची घाई बघून तेच दिवस सगळीकडे बंद केले, तर डोंगरातल्या माणसाला थांबवणारं एकुलतं काम बंद होईल. दिवस ठरवणाऱ्यांनी अक्राणी आणि अमळनेर एका रेघेत धरू नयेत, एवढं मला वाटतं.

## मोहर पाहून विकलेला आंबा

बाहेर जाणाऱ्यांचं निघालंच आहे, तर उचलीचं समजून घेऊ.

आंब्याचा बागवान मोहर पाहूनच बाग व्यापाऱ्याला देतो, कारण पैसे आज हवेत. भाव अर्थातच मोहराचा मिळतो. ऊसतोडीची उचल तशीच असते. श्रावण-भाद्रपदात घरात काही नसतं, कामही नसतं, तेव्हा मुकादम पैसे घेऊन दारात येतो. चाळीसगाव-पारोळ्याकडून टोळ्या नगर-पुण्याकडे जातात, नंदुरबारकडच्या सुरत-बारडोलीच्या पट्ट्यात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं, चार हात, हिशेबात एक अवजार. मजुरी टनावर आणि उचल त्यातून वळती. पाऊस लांबला, कारखाना उशिरा पेटला, बाई आजारी पडली तर फेड अपुरी राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

"उचल त्यानं स्वतःच्या मर्जीनं घेतली ना?" घेतली. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात मर्जीचा मुद्दा दुय्यम आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करण्याची किंवा जाण्यायेण्याची मोकळीक गमवावी लागत असेल, तर कायदा त्याला वेठबिगारी मानतो. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत माणूस राबतो तेव्हा पोटाची निकड हीच सक्ती असते, असं न्यायालयानं मानलं. किमान वेतनाचा हक्क शेतमजुरालाही आहे, १९४८ च्या कायद्यापासून. हे सांगितलं की आमच्या गावात मजूर आणि मालक दोघंही सारखेच चकित होतात.

मुकादमाला खलनायक करून हा विषय मिटत नाही. तोही कारखान्याकडून पैसे उचलून बसलेला असतो, आणि एखादा कोयता पळाला तर भुर्दंड त्याच्या अंगावर. साखळीच्या शेवटच्या कडीला सगळ्यात लवकर पैसे लागतात आणि सगळ्यात उशिरा मिळतात.

## "शेतकऱ्यालाच परवडत नाही, तर देणार कुठून?"

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे, म्हणून आमच्याच वहीतला हिशेब देते. बाराजणी, ४० किलोप्रमाणे ४८० किलो. बारा रुपयांनी ५,७६० झाले, रिक्षाचे ६००. क्विंटलला १,३२५ रुपये नुसती वेचणी. घरून खेडा खरेदीत ७,००० नं विकला तर जवळपास पाचवा हिस्सा वेचणीत गेला. बियाणं, खत, फवारणी, नांगरट अजून बाजूलाच.

२०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये आहे. हा ठरवताना देशभराची सरासरी घेऊन क्विंटलचा उत्पादनखर्च ५,१४० रुपये धरला आणि त्यावर ५० टक्के दिले. मजुरी त्या खर्चात आहे, घरच्या माणसांच्या राबण्याचीही किंमत आहे. म्हणजे कागदावर मजूर आणि शेतकरी दोघांची सोय केलेली आहे. पण माल हमीभावानं गेला तरच. केंद्रावर ८ टक्के ओलावा चालतो, त्यावर १२ पर्यंत भाव कापतात, त्याच्या पुढे माल परत. नोंदणी, रांग आणि गाडीभाडं वेगळं. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ झालं. सुतगिरणीला कापूस स्वस्त पडावा म्हणून घेतलेल्या त्या निर्णयाचं ओझं घरंगळत खाली येतं, ते कुठपर्यंत येतं हे मी आमच्याच शेतात पाहिलंय.

संध्याकाळी बांधावरच्या निंबाच्या फांदीला काटा टांगलेला होता. बायका कमरेची ओटी सोडून गाठोडी बांधत होत्या. एकेक गाठोडं आकड्याला लागत होतं आणि आई आकडा बोलून लगेच त्यातला एक किलो वजा करून लिहीत होती. सकाळच्या दहिवरात वेचलेला माल जड भरतो म्हणून. आदल्याच आठवड्यात व्यापाऱ्यानं तिच्या मालावर कटती लावली होती, आणि ती रात्रभर त्याला शिव्या घालत होती. एका पोरगेल्या बाईनं विचारलं, "जिजी, एक किलो कायचा कापला?" आई म्हणाली, "दहिवराचा." पोरीनं गाठोड्यात हात घालून मूठभर कापूस काढला आणि आईच्या गालाला लावला. कोरडा होता. आईनं तिचा किलो परत लिहिला. बाकीच्यांचा नाही.

शेतकऱ्याला परवडत नाही आणि मजुराला पुरत नाही, ही दोन्ही वाक्यं एकत्र उभी राहतात. दोघंही सौद्यातली शेवटची माणसं आहेत आणि आपल्याला बसलेला चटका आपल्या खालच्याला देतात. देशातली सुमारे ४६ टक्के कामकरी माणसं शेतीत आहेत आणि देशाच्या उत्पन्नातला शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत शेतमजूर साडेचौदा कोटींच्या घरात होते आणि शेतकरी बारा कोटींच्या आत. एवढ्या माणसांत एवढीशी भाकरी वाटायची, तर काट्यावर एका किलोसाठी भांडण होणारच.

## "मग यंत्र आणा की"

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात कापूस यंत्रानं वेचतात. तिथे झाडं बुटकी, दाट आणि एकदम फुटणारी, वेचणीआधी औषध मारून पानं गाळतात, शेताचं दुसरं टोक दिसत नाही. आपल्याकडे एकाच झाडावर फूल, कैरी (हिरवं बोंड) आणि फुटलेलं बोंड एकाच वेळी असतं. मोठं यंत्र आमच्या सहा एकरांत वळणारही नाही. हातात धरायची बॅटरीवरची यंत्रं आलीत, पण कापसाबरोबर पालापाचोळा येतो आणि बाईच्या बोटांचा वेग त्याला नाही.

माझ्या मते यंत्रापेक्षा मोठी गोष्ट आधीच येऊन गेली, आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. ती म्हणजे तणनाशक. निंदणीला महिना-महिना बायका लागायच्या, तिथे आता पाठीवरचा पंप एका दिवसात एकर उरकतो. तणनाशक सहन करणारं चोरटं बियाणं आल्यापासून कापसातही तेच. शेतकऱ्याचा पैसा वाचला. पण बाईचे आषाढ-श्रावणातले दिवस गेले, आणि वेचणीला मात्र ती तेवढीच हवी. आधीच उंच-सखल असलेलं तिचं वर्ष आणखी उंच-सखल झालं. दोन महिन्यांच्या कामासाठी वर्षभर गावात कोण थांबेल? तरुण पोरी जळगावच्या कंपन्यांत, सुरतेत, दुकानांत जातात. मागे उरतात पन्नाशीच्या मावश्या. बरेच शेतकरी आता मक्याकडे वळलेत, त्याला वेचणी नाही. मग त्या मावश्यांची वेचणीही जाईल.

## बाईचा रोज वेगळा का?

थोडक्यात: कामाला वेगळं नाव दिलं की दर वेगळा लावता येतो. फवारणी, वखरणी, पाणी भरणं 'गड्याचं', निंदणी-खुरपणी 'बाईची'. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ चा आहे, आता तो वेतन संहितेत सामावला गेलाय. पण कामच 'समान' नाही असं ठरवून टाकल्यावर कायदा बांधावरच उभा राहतो. किलोवरच्या वेचणीत हा फरक पुसला जातो, बाईला बाराच आणि गड्यालाही बाराच. म्हणून बायकांना, कंबर मोडली तरी, वेचणी आवडते.

नंदुरबारला कधी हिवाळ्यात गेलात तर शहराबाहेरच्या मिरचीच्या पथारीवर थांबा. मैलभर आधीच नाक सांगतं. लाल गालिचा अंथरल्यासारखी मिरची वाळत असते, फोटो काढायला माणसं येतात. कडेला बायका तोंडाला फडकं बांधून देठ खुडत असतात, किलोवर. एकीनं मला सांगितलं, की घरी गेल्यावर लेकराला लगेच जवळ घेत नाही. आधी हाताला तेल, मग राख, मग साबण, आणि तरी रात्री चुकून डोळ्याला बोट लागलं की घर जागं.

## घरी परत जायचा प्रश्न

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला. मालावर बसलेले रावेरकडचे किमान पंधरा मजूर गेले, त्यात बायका आणि लेकरं होती. केळी-पपईच्या पट्ट्यात मजूर मालाबरोबरच प्रवास करतो. वेगळी गाडी केली तर भाडं कोण देणार, हा प्रश्न असतो.

शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसाला दोन लाख मिळतात. ती योजना सातबाऱ्यावरचा खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य यांच्यासाठी आहे. त्याच शेतात, त्याच विजेच्या मोटारीजवळ, त्याच सापानं मजुराला चावलं तर सातबारा नसल्यानं तो योजनेच्या बाहेर.

वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँकेत मिळतो, पंतप्रधान सुरक्षा विमा. बाराजणींचे २४० रुपये होतात, एका दिवसाच्या रिक्षाभाड्याच्या निम्म्याहून कमी. मी आईला म्हटलं, आपण भरू. आईनं लगेच मुकादम बाईला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं, बरं म्हणाली, मग विचारलं, फॉर्म कुठे भरायचा. बँक तालुक्याला, सही ज्याची त्यानं करायची.

"मग वेचणी संपू द्या जिजी," ती म्हणाली. "आता एक दिवस गेला म्हणजे पाचशे गेले."